विनोद व्हायच्या आधी

…आणि हसायची तरी कधी? तर विनोद व्हायच्या आधी! आता मला सांगा, ही काय पद्धत झाली? विनोद होतो, तो कळतो, मग माणूस हसतो… निदान पुण्यात तरी हाच क्रम आहे! पण विमलाबाईंचं तसं नाही. तिकडे पडद्यावर तो माणूस नुसता स्टुलावर चढायचा विचार करतोय, अजून चढलेलासुद्धा नाही, नुसता एक पाय उचललाय, की इकडे कोचावर विमलाबाईंचे खांदे हलायला लागलेच! मग पदर तोंडात, मग डोळ्यांतून पाणी, मग शेजारी बसलेल्या बापूरावांच्या मांडीवर फाडकन थाप, आणि वर, "अग्गं माय, आता पडते तो! पाहा न, आता पडते!" …आणि तो पडतो. पडणारच! पण तोपर्यंत त्या पडण्यात राहिलं काय? बापूराव एक हात मांडी चोळायला ठेवायचे, दुसरा कपाळाला लावायचे आणि ओरडायचे, "अगं, होऊ तर दे आधी! होऊ दे, मग हस!"

तुम्हाला सांगतो, "होऊ तर दे आधी" हे वाक्य त्या घरात जितक्या वेळा बोललं गेलं ना, तितक्या वेळा "चहा टाक" सुद्धा बोललं गेलं नसेल.

बापूराव म्हणजे आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले, दुसऱ्या मजल्यावरचे. मूळचे दोघंही वर्ध्याकडचे. बापूरावांना भोसरीला कारखान्यात नोकरी लागली, लग्न करून विमलाबाईंना घेऊन आले आणि बाहेरून आलेली माणसं पुण्यात जे करतात ते त्यांनी केलं, म्हणजे पुणेकरांपेक्षा जास्त पुणेकर झाले. आभार मानतानासुद्धा तक्रार केल्यासारखा आवाज लागतो, तो त्यांना इतका छान जमला की खुद्द पुणेकर दचकायचे! विमलाबाईंनी मात्र वर्धा सोडलं ते फक्त एसटीत बसून. जिभेनं कधी सोडलंच नाही. "करून राहिली", "पाहून राहिली", "कायले" आणि "होय न जी"… बापूराव आधी सुधारायला जायचे, मग नुसते खोकायचे, मग खोकणंही सोडलं.

आणि बापूरावांचं काम काय, तर तपासणीचं! कारखान्यात पंप तयार व्हायचे, बापूराव प्रत्येक भागाचं माप घ्यायचे, बसला मापात तर शिक्का, नाही बसला तर परत. आता अशा माणसाचा विनोदाबद्दल काय विचार असणार? हसू म्हणजे शिक्का! माप घ्यायच्या आधी शिक्का मारला तर कारखाना बंद पडेल की नाही? मग विनोद तपासायच्या आधी हसलं तर…? तुम्हीच सांगा, माणसाचं काय चुकलं?

आता ती मालिका कुठली, ते सांगायचं राहिलंच. 'दुरुस्ती चालू आहे'. जुनी हो, टीव्हीला अजून पाठीमागे भलं मोठं कुबड असायचं त्या काळातली. एका गल्लीत दुरुस्तीचं दुकान, मिक्सर, पंखे, इस्त्र्या, काय वाट्टेल ते, आणि दुकानदाराचं नाव खुळखुळे. हा खुळखुळे वस्तू उघडायचा, फुंकर मारायचा, पुन्हा बंद करायचा, आणि प्रत्येक वेळी एक स्क्रू उरायचा! दर वेळी! तो स्क्रू तो दोन बोटांत धरायचा, उजेडात बघायचा, गिऱ्हाइकाकडे बघायचा, आणि म्हणायचा, "हा कंपनीनं जास्तीचा दिलाय." आणि खिशात टाकायचा. की मागे धडाड! बस, एवढंच. दर आठवड्याला एवढंच! बापूराव म्हणायचे, "यात विनोद कुठे आहे? स्क्रू उरणार, माहीत आहे. कोसळणार, माहीत आहे. माहीत असलेल्या गोष्टीला काय हसायचं?"

त्यांची आवडती वेगळी. 'उलटतपासणी'. त्यात नवरा वकील, बायको वकील, आणि घरात दूध कुणी उतू घालवलं यावर दोघांचा खटला. विनोद सगळा शब्दांचा, तोही वाक्याच्या अगदी शेवटच्या शब्दात. शेवटचा शब्द चुकला की गेलाच! बापूराव कान टवकारून, श्वास रोखून बसलेले, वकील चष्मा सारखा करतोय, आता बोलणार, आता… आणि शेजारून खी खी खी! "अगं, त्यानं अजून तोंडही उघडलं नाही!" तर विमलाबाई डोळे पुसत, "उघडते न आता! कसा चष्मा सारखा करते पाहा न, कायतरी खोचक बोलणार मेला!" …आणि तो शेवटचा शब्द? तो विमलाबाईंच्या हसण्यात बुडाला! बापूरावांनी 'उलटतपासणी' सबंध पाहिली, पण तिच्यातला एकही शेवटचा शब्द त्यांना आजतागायत माहीत नाही हो!

भांडणं व्हायची यावरून. खरीखुरी, भाजी गार होईपर्यंत! बापूराव सांगायचे, "विनोद म्हणजे अनपेक्षित. माणूस बेसावध असताना यायला पाहिजे." विमलाबाई पोळी उलटत म्हणायच्या, "काहीतरीच तुमचं. लग्नात नवरदेव येणार हे माहीत नसते का? तरी बँड वाजला की धावतोच न आपण गॅलरीत? येणार माहीत असते म्हणूनच तर मजा येते." बापूराव म्हणायचे, "नवरदेव म्हणजे विनोद नव्हे." त्यावर त्या त्यांच्याकडे वरून खालपर्यंत बघायच्या… आणि पोळी करपायची. इतक्या हसायच्या!

हसण्याचा आवाज तर असा की, हे अगदी अलीकडचं सांगतो, खालच्या मजल्यावर इंद्रजीत राहतो, कॉम्प्युटरवाला मुलगा, तो बिचारा घरून मीटिंगमध्ये असायचा आणि त्याचा साहेब बंगळुरूहून विचारायचा, "हे काय वाजतंय?" इंद्रजीत म्हणायचा, "सर, वर एक माणूस पडणार आहे."

मधे बरीच वर्षं गेली. मालिका बंद पडल्या, बापूराव निवृत्त झाले, मुलगी पूर्वा लग्न होऊन वाघोलीला गेली. वाघोली म्हणजे तसं पुण्यातच, पण कोथरूडहून निघायचं तर घरून डबा बांधूनच निघावं. पण पोरगी चांगली. एका दिवाळीला भिंतीवर हा एवढा टीव्ही लावून दिला आणि म्हणाली, "बाबा, बघा काय मिळालंय." तर काय! 'दुरुस्ती चालू आहे', पहिल्या भागापासून! कुणीतरी जपून ठेवलेली, इंटरनेटवर टाकलेली. विमलाबाईंनी पडद्यावर खुळखुळे पाहिला आणि माहेरचा माणूस भेटल्यासारखा पदर सारखा केला. आणि मग दिवेलागणीला रोज एक भाग, दोघं कोचावर, मधे शेंगदाण्याची वाटी. आणि पुन्हा तेच! खुळखुळेच्या हातात स्क्रूड्रायव्हर आला की खांदे, पदर, पाणी, मांडी… "होऊ तर दे आधी!"

आणि एके दिवशी चमत्कार झाला.

खुळखुळे स्टुलावर चढला. विमलाबाई गप्प. त्याचा पाय डगमगला. विमलाबाई गप्प, शेंगदाणे खातायत. तो पडला. मग विमलाबाई हसल्या! पडल्यावर! बरोब्बर मापात! बापूरावांनी मान वळवून पाहिलं. त्यांना वाटलं, घसा बसला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आधी शांतता, मग विनोद, मग हसू. तिसऱ्या दिवशीही. तुम्हाला सांगतो, या माणसाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की तो सकाळी बागेत फिरायला गेला आणि बाकावरच्या रावसाहेबांना म्हणाला, "सवय लावली की लागते हो. वेळ लागतो, पण लागते." रावसाहेबांनी विचारलं, "कुत्रा आणलात का?" तर हे म्हणाले, "नाही, आमची ही. योग्य वेळी हसायला लागली." आणि येताना पाव किलो आंबा बर्फी घेऊन आले. का आणली ते तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

आज ती बर्फी आठवली की बापूराव बागेत त्या बाकाकडेच जात नाहीत.

कारण पुढे काय झालं, एकदा रिमोटचं बटण चुकीचं दाबलं गेलं आणि कालचाच भाग पुन्हा लागला. लग्नाच्या हॉलमधला. म्हणजे विमलाबाईंचा सगळ्यांत लाडका भाग, ज्यात खुळखुळे हॉलचा पंखा दुरुस्त करतो, स्क्रू उरतो, मंगलाष्टकं सुरू होतात, आणि पंखा हळूहळू वेग घेत घेत नवरदेवाचा फेटा उचलतो आणि सगळ्या मांडवावर अक्षता उधळायला लागतो. या भागाला तर पूर्वी त्या नुसतं नाव दिसलं तरी हसायच्या! बापूराव म्हणाले, "थांब, बदलतो, हा काल झाला." विमलाबाई म्हणाल्या, "राहू द्या न. नवीन दिसते." बापूरावांना वाटलं, थट्टा करतेय. बसले. फेटा उडाला. आणि विमलाबाई हसल्या… अहो, कशा हसल्या! लहान पोरीसारख्या, तोंडावर हात ठेवून. "अग्गं माय! फेटाच गेला त्याचा! असं होईल असं वाटलंच नव्हतं बाप्पा!"

वाटलंच नव्हतं!

बापूरावांनी टीव्ही थांबवला. भाग थोडा मागे नेला. आवाज साधा ठेवून विचारलं, "विमल, आता काय होणार सांग बरं?"

"मले काय माहीत? पाहू द्या न."

"अगं, तू हा कितीतरी वेळा पाहिलायस."

"काहीतरीच! मी कायले खोटं बोलू? लावा न पुढे."

बापूरावांनी लावला. फेटा पुन्हा उडाला. ती पुन्हा हसली, तितकीच, तशीच, अगदी पहिल्यांदा पाहिल्यासारखी. आणि बापूराव रिमोट हातात धरून बसले, आणि त्यांना एकेक गोष्ट दिसायला लागली. कुकर पाण्याशिवाय चढवला होता तो. एकाच आमटीत दोनदा मीठ. परवा भाजीला गेली आणि कर्वे पुतळ्यापाशी उभी होती, रिक्षावाल्याला सांगत होती की मला घरी सोड, आणि घर कुठे तर म्हणे वर्ध्याला. तेव्हा बापूराव म्हणाले होते, "ऊन लागलं असेल." बरं, हा माणूस आयुष्यभर पंपातला केसाएवढा दोष ओळखायचा हो! आणि घरातलं…? घरातलं 'माल पास, माल पास' म्हणून शिक्के मारत बसला होता!

डॉक्टरांकडे गेले तिघं. पूर्वा वाघोलीहून रजा टाकून आली. डॉक्टर बाई मोठ्या गोड स्वभावाच्या, त्यांनी विमलाबाईंना काही प्रश्न विचारले, फोटो काढले डोक्याचे, आणि मग हळू आवाजात समजावून सांगितलं, की आठवणींचा आजार आहे, आजचं उद्या राहणार नाही, मग हळूहळू जुनंही पुसट होत जाईल, औषधानं वेग थोडा कमी होतो, थांबत नाही. पूर्वा खिडकीकडे बघतेय. आणि विमलाबाई सगळ्यांकडे आळीपाळीनं बघून म्हणाल्या, "म्हणजे माहा एक स्क्रू बाहेर राहिला म्हणा न, डॉक्टर!" आणि काय हसल्या! डॉक्टर बाईंनाही हसू आवरेना, पूर्वा रडता रडता हसली… एकटे बापूराव हसले नाहीत. त्यांना दिसलं, की खुळखुळे अजून आत कुठेतरी आहे! म्हणजे सगळं गेलेलं नाही! म्हणजे शोधला तर…

आणि मग काय विचारता, मोहीमच सुरू झाली! रोज संध्याकाळी लग्नाचा हॉल. रोज! दुसरा भाग नाही, दुसरी मालिका नाही. बापूराव आता पडद्याकडे बघेनात. कोचाच्या टोकाला बसायचे, अंग वळवून, आणि विमलाबाईंचा चेहरा बघायचे. खांदे हलतायत का? पदर वर जातोय का? एकदा, फक्त एकदा आधी हसली पाहिजे! मदतही करायचे. "विमल, बघ हं, त्या पंख्याकडे बघ… आता तो पंखा आहे ना…" की विमलाबाई वैतागून म्हणायच्या, "अहो, सांगून कायले टाकता? होऊ तर द्या आधी!"

बापूरावांचं वाक्य! जसंच्या तसं, फक्त वर्ध्याच्या चालीत!

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. हे नाही थांबले. यांनी ठरवलं, आपणच आधी हसून दाखवायचं, म्हणजे तिला आठवेल. आता या माणसाला हसायची सवय कुठे? जन्मात शिक्के मारले, हसण्याचा अनुभव शून्य! तरी बसले. खुळखुळेनं पंख्याकडे पाहिलं, बापूरावांनी श्वास घेतला आणि हसले… आणि गळ्यातून जो काही आवाज निघाला ना, तो कारखान्यात एखाद्या पंपातून आला असता तर बापूरावांनी पंप तिथल्या तिथे परत पाठवला असता. विमलाबाई घाबरल्या. पाठीवरून हात फिरवायला लागल्या, "ठसका लागला का? पाणी प्या, पाणी प्या. दाणे हळू खावेत जी." आणि बापूराव मान खाली घालून पाणी पीत राहिले, कारण हसण्याचं कधीच दुसरं काहीतरी झालं होतं आणि ते ग्लासाच्या आड होत होतं. तिकडे फेटा उडाला. ती हसली. एक हात यांच्या पाठीवर, आणि ती हसतेय.

रविवारी पूर्वा आली, तिनं हे सगळं पाहिलं आणि स्वयंपाकघरात वडिलांना गाठलं. "बाबा, रोज तोच भाग का? परीक्षा घेताय का आईची?"

"परीक्षा कसली? आवडतो तिला."

"मग टीव्ही सोडून तिच्या तोंडाकडे का बघता? बाबा, ती मजेत आहे. तिला रोज नवीन वाटतंय, रोज हसतेय. डॉक्टर म्हणाल्या ना, आनंदात ठेवा. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

बापूराव कपबशी विसळत होते. विसळलेलीच पुन्हा विसळत होते. म्हणाले, "अगं, नव्या विनोदाला कुणीही हसतं. रस्त्यावरचा माणूससुद्धा हसेल. जुन्याला आधी हसायला घरचं माणूस लागतं."

पूर्वानं त्यांच्या हातातून कपबशी घेतली, पुसून फडताळात ठेवली. आणि हे आपले नळ चालू ठेवून उभे. म्हणाले, "तुला खोटं वाटेल, पण मी ओरडायचो ना तिच्यावर, तेव्हा मलाही आतून यायचं गं हसू. तिचं बघून यायचं. माझं हसू म्हणजे तिचंच होतं. मी नुसता वेळ पाळत बसलो."

"बाबा, आईला सांगा हे."

"सांगितलं. छान हसली. झाल्यावर."

आता ऐका. आता जे झालं ते ऐका. पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. नेहमीची वेळ, नेहमीचा कोच. दिवसभर सोबतीला येणारी कौशल्या शेंगदाण्याची वाटी ठेवून दुधाला गेलेली. बापूरावांनी भाग लावला. नाव आलं. खुळखुळे अजून दुकानातसुद्धा आलेला नाही, नुसतं बंद दार दिसतंय. आणि शेजारी… खांदे! विमलाबाईंचे खांदे हलले! बापूरावांना वाटलं, भास. पण नाही! पदर वर गेला! डोळ्यांत पाणी! आणि फुटलंच हसू, ते जुनं, खालच्या मजल्यापर्यंत जाणारं, बंगळुरूच्या साहेबाला ऐकू जाणारं! आधी! खुळखुळे यायच्याही आधी! बापूराव ताडकन उठले, त्या वयात हो, त्या गुडघ्यांनी! फोन घेतला, पूर्वाला लावला. "पूर्वा, हसली! आधी हसली! अगं, अजून काही झालंच नाही आणि हसली!" तिकडून पूर्वा रस्त्यावर, हॉर्नच्या गदारोळात, "काय? कोण पडलं?" "पडलं नाही, कुणी पडलं नाही! पडायच्या आधी!" आणि फोन तसाच कोचावर टाकून बापूराव विमलाबाईंसमोर वाकले, दोन्ही हात हातात घेतले. "विमल! आठवलं ना? सांग, काय होणार आता? फेटा, ना? सांग, का हसलीस?"

विमलाबाईंना हसू आवरत नव्हतं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्हाले पाहून हसली जी!"

"मला?"

"मग काय! किती दिवसांचं पाहून राहिली मी. टीव्ही तिकडे आहे अन् तुम्ही आपले इकडे पाहता. रोज! एवढा मोठा टीव्ही लावला अन् हा माणूस माह्याच तोंडाकडे!" पुन्हा हसल्या. मग जरा थांबल्या. हात हळूच सोडवून घेतले, पदर खांद्यावर नीट घेतला, परक्या माणसासमोर घेतात तसा. आणि मोठ्या अदबीनं, वाईट वाटू नये अशा बेतानं विचारलं…

"तुमच्या घरी टीव्ही नाही का जी?"

कोचावरच्या फोनमधून पूर्वा ओरडतेय, "बाबा? हॅलो, बाबा?" पडद्यावर खुळखुळे दुकान उघडतोय. आणि बापूराव… तुम्हाला सांगतो, ज्या माणसाच्या उत्तराला रिक्षावाले घाबरायचे, बँकेतली माणसं जेवणाची सुट्टी जाहीर करायची, तो माणूस तिथे नुसता उभा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती. काळजीनं विचारत होती.

"नाही," बापूराव म्हणाले. "नाही हो आमच्याकडे."

"अग्गं माय." तिला खरंच वाईट वाटलं. वाटी त्यांच्याकडे सरकवली. "मग बसा न. उभे कायले? रोज येत जा तुम्ही. संकोच करू नका, आमचे हे काही म्हणत नाहीत. तोंडानं तिखट आहेत, पण मनानं चांगले आहेत." मग जरा विचार करून, आवाज खाली आणून, "फक्त जेवून येत जा."

जेवून येत जा! इतकी वर्षं पुण्यात राहून जी बाई दारातल्या कुरिअरवाल्यालासुद्धा ताट वाढायची, ती…!

बापूराव बसले. कोचाच्या दुसऱ्या टोकाला. दाणे खाल्ले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तो भाग टीव्हीकडे तोंड करून पाहिला. फेटा उडाला तेव्हा दोघंही हसले म्हणे, बरोबर एकाच वेळी.

आता रोजचं ठरून गेलंय. सूर्य मावळायला टेकला की बापूराव स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवून घेतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, चपला घालून बाहेर येतात, दार ओढून घेतात आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवतात. विमलाबाई दार उघडतात. "या, या. जेवून आले न?" "हो, आत्ताच." की आत.

परवा खालचा इंद्रजीत जिना चढत होता. यांना बेल वाजवताना पाहिलं त्यानं, थांबला. पोरगं भाबडं, विचारून बसला, "काका, किल्ली विसरलात का?"

बापूरावांनी शर्टाची कॉलर सारखी केली. म्हणाले, "नाही रे. इथे येतो जरा रोज टीव्ही बघायला." आणि आतून पावलं वाजली तसं हळूच म्हणाले, "काय करणार… माणसं चांगली आहेत."